दारापलीकडे काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा. एका हौशी गटाला एकाच मोसमात दोन नाटकं करायची आहेत, एक दिवाणखान्यात घडणारं वास्तववादी आणि दुसरं अ‍ॅब्सर्ड. (अ‍ॅब्सर्ड म्हणजे जिथे पात्रांच्या वागण्याला पटेल असं कारण मिळत नाही असं नाटक.) पहिल्याला बॉक्स सेट, म्हणजे तीन भिंतींची खोली, लागणार हे सगळ्यांना मान्य आहे. दुसऱ्याला काळे पडदे आणि दोन ठोकळे पुरतील, कारण 'अ‍ॅब्सर्डमध्ये स्थळ नसतंच', असं गटातल्या काहींचं म्हणणं. ते बरोबर आहे का? आणि दोन्हीकडे नेपथ्य नेमकं काय काम करतं?

बरोबर नाही. अ‍ॅब्सर्डमध्ये स्थळ असतं, आणि ते दिवाणखान्यापेक्षा जास्त हट्टी असतं. वास्तववादी नाटकात स्थळ पात्रांच्या वागण्याला कारण पुरवतं. अ‍ॅब्सर्ड नाटकात स्थळ पात्रांना अट घालतं. कारण पटवायला तपशील भरपूर लागतो, त्यामुळे त्यातला एखादा चुकला तरी बाकीचे सांभाळून घेतात. अट घालायला दोन-तीनच वस्तू लागतात आणि त्यातली एक चार इंचांनी चुकली तरी नाटकातला प्रसंग बसत नाही. म्हणजे पैसा पहिल्या नाटकाला जास्त लागेल, मोजमाप मात्र दुसऱ्याला.

हा फरक संहितेवर तपासायचा सोपा मार्ग आहे. नाटकातलं प्रत्येक दार आणि खिडकी घ्या आणि विचारा, पलीकडे काय आहे? वास्तववादी नाटकात या प्रश्नाला पक्कं उत्तर असलंच पाहिजे. जिना आहे की गच्ची, किती पायऱ्या, उजेड कुठून येतो, शेजारी कोण राहतं. प्रेक्षकांना हे दिसणार नाही, पण नट दारातून आत येतो तो उन्हातून आला की अंधाऱ्या बोळातून, हे त्याच्या डोळ्यांवरून कळतं. अ‍ॅब्सर्ड नाटकात बहुधा उत्तर द्यायचंच नसतं. पण दार मात्र चालायला हवं, आणि संहितेत सांगितलंय तसंच.

इब्सेनचं 'ए डॉल्स हाऊस' घ्या (कोपनहेगन, १८७९, मराठीत अनंत काणेकरांनी त्याचं 'घरकुल' केलं). तिन्ही अंक एकाच खोलीत. इब्सेनच्या सूचनेप्रमाणे खोलीला चार दारं. एक बाहेरच्या छोट्या दालनाकडे, एक नायिका नोराचा नवरा हेल्मर याच्या अभ्यासिकेकडे, आणि बाजूच्या दोन्ही भिंतींत एकेक. त्या बाहेरच्या दालनातल्या दाराला टपालपेटी आहे आणि तिची किल्ली हेल्मरकडे. नोराचं सगळं लग्न त्या किल्लीत आहे, पण त्यावर कुणी भाषण करत नाही. दुसऱ्या अंकात, नोराला कर्ज देऊन धमकावणाऱ्या क्रोगस्टाडचं पत्र त्या पेटीत पडतं आणि त्याची पावलं जिना उतरत विरत जातात. तिसऱ्या अंकात वरच्या मजल्यावरून नाचाचं संगीत येतं. म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यात हळूहळू इमारत उभी राहिलेली असते, वर शेजारी, खाली रस्ता. म्हणूनच शेवटचा तो आवाज. इब्सेननं तो 'खालून' मागितलाय, मोठ्या दरवाजाचा. नोरा नवऱ्याला सोडून दालनातून बाहेर पडते, हेल्मर खुर्चीत कोसळतो, तिला हाक मारतो, इकडेतिकडे बघतो, एक आशा उगवते, आणि तेव्हा खालचा दरवाजा बंद होतो. तेवढ्या वेळात ती जिना उतरलेली असते.

आपल्याकडे बऱ्याचदा नोरा सेटवरचंच दार आपटून जाते. आपटताना सगळी भिंत थरथरते, ते सोडाच. खरं नुकसान वेगळं आहे. हेल्मरची ती काही सेकंदं जातात आणि दोन अंक कष्टानं उभी केलेली इमारत एका खोलीची होऊन बसते. उपाय फार महाग नाही. विंगेत, शक्यतो मागच्या कोपऱ्यात, साधारण दोन बाय तीन फुटांचं जाड लाकडी पान जाड चौकटीत बसवा, चौकट थेट जमिनीवर ठेवून वजनानं दाबा, आणि त्यावर खरी लोखंडी कडी लावा. रेकॉर्ड केलेल्या आवाजापेक्षा हा आवाज बरा, कारण तो स्पीकरमधून न येता एका जागेवरून येतो.

सेटवरच्या दाराबद्दल थोडं सविस्तर, कारण हौशी प्रयोगात सगळ्यात आधी दगा देतं ते दारच. चौकट फ्लॅटला (सेटच्या भिंतीच्या हलक्या उभ्या तुकड्याला) ठोकू नका. अडीच-तीन इंच जाडीची स्वतंत्र चौकट करा, साडेसहा ते सात फूट उंच, अडीच ते पावणेतीन फूट रुंद. ती फ्लॅटच्या मोकळ्या जागेत उभी राहील, पण तिचा भार फ्लॅटवर येणार नाही. मागून दोन्ही बाजूंना तिरके टेकू आणि त्यांच्या पायाशी वजनं; बिजागरीच्या बाजूला वजन जास्त, कारण ओढ तिकडे बसते. खाली उंबऱ्याच्या जागी लोखंडी पट्टी हवीच. ती नसली की चौकटीचे पाय फाकतात आणि दोन-तीन प्रयोगांनंतर दार घासायला लागतं. मग नट खांद्यानं ढकलून दार उघडतो आणि श्रीमंत वकिलाचा दिवाणखाना क्षणात गोदाम होतो. बाजूच्या भिंतीतलं दार सेटच्या बाहेर उघडू द्या आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला ठेवा, म्हणजे उघडलेलं पान नटाला झाकत नाही. दारामागे तीन-चार फुटांवर एक आड-फ्लॅट आणि त्यावर एक मंद दिवा. हा विसरलात तर दर वेळी दार उघडलं की विंगेतला थर्मास आणि पुढच्या एन्ट्रीची वाट बघणारे काका दिसणार.

भिंती काटकोनात लावू नका. प्रोसिनियमची (रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची) रुंदी ३० फूट असेल तर मागची भिंत २०-२२ फूट घ्या आणि बाजूच्या भिंती प्रेक्षकांकडे फाकू द्या. फ्लॅट उभे करायच्या आधी जमिनीवर टेप लावून पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून बघा. टपालपेटीसारखी वस्तू या सगळ्या ठिकाणांहून दिसली पाहिजे. फर्निचरच्या मधल्या वाटा अडीच ते तीन फूट ठेवा. नऊवारीतली बाई किंवा ट्रे घेतलेला माणूस त्याहून कमी जागेतून सहज जात नाही. दौऱ्यावर वेगवेगळ्या गावच्या नाट्यगृहांत खोली कमी-जास्त होते, म्हणून मागची भिंत पुढे ओढता येईल अशी सोय आराखड्यातच करा. तिथे गेल्यावर सोफा कापता येत नाही.

वास्तववादी सेटचा खरा कस भिंतीवर लागतो. रंग घरातल्यापेक्षा दोन छटा गडद घ्या, कारण दिव्यांखाली तो उडतो. पांढरा तर चेहऱ्यांपेक्षा जास्त चमकतो. सपाट रंग लावून थांबू नका, त्यावर स्पंजनं किंवा ब्रश झटकून दुसरी छटा उडवा, म्हणजे भिंतीला पोत येतो. मग भिंत वापरा. स्विचबोर्डाभोवती हाताचे डाग. ज्या खुर्चीवर घरातला म्हातारा वर्षानुवर्षं बसतो तिच्यामागे डोक्याच्या उंचीवर तेलकट वर्तुळ. ओल दाखवायची असेल तर दोन गोष्टींचा घोळ करू नका. जमिनीची ओल खालून चढते, ठराविक उंचीवर थांबते आणि तिथे रंगाचे पोपडे धरते. गळती वरून उतरते आणि तिची कड पिवळी-तपकिरी असते. भिंतीच्या मध्यावर काढलेला ढगासारखा डाग फक्त नाटकातच दिसतो.

चेकॉव्हच्या १९०४ च्या 'द चेरी ऑर्चर्ड'मध्ये पहिला आणि चौथा अंक एकाच खोलीत आहेत, लहानपणची खोली. चौथ्यात पडदे नाहीत, चित्रं नाहीत, उरलंसुरलं फर्निचर कोपऱ्यात रचलेलं. इथे नेपथ्यकाराचं काम नाटकभर लपलेलं असतं. पहिल्या अंकात तसबिरी लटकतात त्यांच्यामागे भिंतीवर फिकट चौकोन आधीच रंगवून ठेवायचे. चौथ्या अंकात तसबिरी निघाल्या की घर किती वर्षं वसलेलं होतं ते त्या चौकोनांवरून कळतं. मध्यंतरात रंग लावायला वेळ मिळणार नाही, आणि ओला रंग दिव्याखाली चमकतो.

काळाची चूक सगळ्यांत जास्त कॅलेंडरमुळे होते. १९६० च्या दशकातलं घर दाखवताना भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलं जातं. ते सुरूच झालं १९७३ मध्ये. प्रेक्षकांत ते ओळखणारे निम्मे असतात, आणि मग ते नाटकाऐवजी भिंत बघतात. कॅलेंडर हवंच असेल तर नाटकातला महिना बघून पान उलटलेलं असू द्या. दुसऱ्या अंकापर्यंत तीन महिने गेले असतील तर पानही बदललं पाहिजे. हे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

याचा अर्थ खऱ्या वस्तू गोळा करत सुटायचं, असा नाही. १८८८ मध्ये पॅरिसच्या तेआत्र लिब्रमध्ये दिग्दर्शक आंत्वाननं खाटकाच्या दुकानासाठी खरं मांस रंगमंचावर टांगलं, ते अजून सांगितलं जातं. पण त्याच वर्षीच्या 'मिस ज्युली'ला जोडलेल्या प्रस्तावनेत नाटककार स्ट्रिंडबर्गची तक्रार जास्त कामाची आहे. भिंतीवर रंगवलेली भांडी आणि हात लागताच हलणारी कापडी दारं यांना तो वैतागलाय. पूर्ण स्वयंपाकघर न दाखवता तिरका कापलेला कोपरा दाखवा, बाकीचं प्रेक्षक स्वतः पूर्ण करतात, असं त्याचं म्हणणं. कमी खर्चात वास्तववादी सेट करणाऱ्याला आजही याहून चांगला सल्ला मिळणार नाही. चार भिंती कच्च्या करण्यापेक्षा दीड भिंत पक्की करा. मराठीत १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'पासून रंगवलेल्या पडद्यांची जागा बॉक्स सेट घ्यायला लागला, पण 'सगळं दाखवलंच पाहिजे' ही सवय पडद्यांच्या काळातलीच राहून गेली असावी.

वास्तववादी स्थळाचं सर्वांत चोख मराठी उदाहरण म्हणून 'वाडा चिरेबंदी'चं (१९८५) नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्याबाहेर बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. कुणी तो दुरुस्त करत नाही, कुणी विकतही नाही. घराची सगळी आर्थिक स्थिती त्या एका वस्तूत सांगून होते. दाखवायचा असेल तर गंज मडगार्डच्या खाली आणि जोडांवर धरू द्या, सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारू नका. जागा नसेल तर नुसतं मोठं चाक आणि बॉनेटचा पुढचा भाग विंगेतून डोकावला तरी चालतं, हीही स्ट्रिंडबर्गचीच युक्ती.

दोन्हींच्या मधोमध उभं असलेलं नाटक म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). एका गावातला साधा हॉल, खुर्च्या, जुने फोटो. अगदी वास्तव. सुरुवातीलाच नायिका बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेमटतं आणि गावातल्या सामंताकडून कळतं की ही कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं. हे इतकं बारीक आणि घरगुती आहे की प्रेक्षक विसरून जातो. पुढे बेणारे पिशवी उचलून निघते आणि दार उघडत नाही. कारण वास्तवच आहे, कडी. पण त्या क्षणापासून हॉलचा नियम बदलतो, तिथून बाहेर जाता येत नाही. हे करायचं असेल तर दाराला खरी कडी हवी, प्रेक्षकांना आवाज येईल अशी. नटीनं ओढल्यावर दार हललं पाहिजे पण उघडता कामा नये. म्हणजे मागे कुणीतरी दार धरून उभं राहायचं नाही. धरलेलं दार मऊ वाटतं. मागून खरा बोल्ट टाका, आणि चौकटीला त्या प्रसंगापुरता एक जास्तीचा टेकू द्या.

आता अ‍ॅब्सर्डकडे. बेकेटच्या 'एंडगेम'मध्ये (१९५७) रिकामी खोली, करडा उजेड, मागे उंचावर दोन छोट्या खिडक्या, एक दार, भिंतीकडे तोंड करून टांगलेलं चित्र, शेजारी-शेजारी दोन कचऱ्याचे डबे, आणि चाकं लावलेली एक खुर्ची. काळ्या पडद्यापुढे हे ठेवलं की झालं, असं वाटतं. पण यातली प्रत्येक वस्तू कुणाला तरी काही करू देत नाही. खुर्चीतल्या हॅमला उभं राहता येत नाही, त्याच्या नोकराला, क्लॉवला, बसता येत नाही. खिडकी इतकी उंच की क्लॉवला दर वेळी शिडी आणावी लागते, आणि तो ती आणायला विसरतो. म्हणजे खिडकीची खालची कड क्लॉव करणाऱ्या नटाच्या उंचीवर अवलंबून: तो सहा फुटी असेल आणि तुम्ही कड सहा फुटांवर ठेवलीत तर शिडीचा सगळा खेळ खोटा पडतो. साडेसात-आठ फूट धरा. हॅम खुर्चीतून भिंतीलगत फेरी मारायला लावतो, हातानं भिंत ठोकतो आणि ती पोकळ आहे म्हणतो. काळा पडदा ठोकता येत नाही, इथे भिंत हवीच. परत येताना त्याला नेमका मध्य हवा असतो. खुर्ची खरोखर मध्यावर आहे की नाही यावरच तो वाद चालतो, त्यामुळे जमिनीवर क्लॉवला दिसेल आणि प्रेक्षकांना दिसणार नाही अशी खूण लागते. चाकं रबरी घ्या, तीन इंचांच्या आसपास. फर्निचरची छोटी प्लास्टिक चाकं रंगमंचाच्या फळ्यांच्या फटीत अडकतात. डब्यांचं म्हणाल तर मागची बाजू कापून काढा, आत बुटका स्टूल आणि गादी. हॅमचे आईबाप नाग आणि नेल नाटक सुरू व्हायच्या आधीपासून आत असतात, मागून हवा मिळाली नाही तर वयस्कर नटांचे हाल होतात.

दाराचा प्रश्न इथे विचारून बघा. दारापलीकडे क्लॉवचं स्वयंपाकघर आहे, लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहा फूट, एवढं संहिता सांगते. घन. त्यापलीकडे काही नाही. हे 'काही नाही' जपणं हेच नेपथ्याचं काम. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेत केंब्रिजच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये दिग्दर्शिका जोअ‍ॅन अकालायटिस यांनी 'एंडगेम' पडीक भुयारी रेल्वे स्थानकात बसवलं, रेल्वेच्या जळालेल्या डब्यासकट. बेकेटनं जोरदार हरकत घेतली. शेवटी त्याचा निषेध प्रयोगाच्या पत्रकात छापून प्रयोग झाले. यावर लेखकाचा अहंकार की दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य, असा वाद अजून चालतो. नेपथ्याच्या बाजूनं बघितलं तर मुद्दा साधा आहे. स्थानक म्हटलं की काहीतरी घडून गेलेलं असतं. स्फोट झाला, शहर मेलं, ही माणसं वाचली. म्हणजे वागण्याला कारण मिळालं, आणि अट नाहीशी झाली. तो सेट देखणा असेलही, पण त्यानं अ‍ॅब्सर्ड नाटकाचं वास्तववादी नाटक केलं. आपल्याकडे याच जातीची चूक बेकेटच्याच 'वेटिंग फॉर गोदो'मध्ये होते. मागे फाटके पोस्टर, कोपऱ्यात कचरा, झोपडपट्टीचा भास, आणि मग दोन भटक्यांचं वाट बघणं हा सामाजिक प्रश्न होऊन बसतो.

'वेटिंग फॉर गोदो'ची (पॅरिस, १९५३) स्थळसूचना खेड्यातला रस्ता, झाड आणि संध्याकाळ, एवढीच. दार नाहीच. कुणी कोंडलेलं नाही आणि तरी जाता येत नाही. सगळा भार त्या झाडावर. आता झाडाकडून संहितेला काय काय हवं ते एकत्र लिहून काढा. दोघं भटके त्याला फास लावून घ्यायचा विचार करतात आणि फांदी पेलेल का याची शंका घेतात. दुसऱ्या अंकात त्यांच्यातला एस्ट्रागॉन त्याच्यामागे लपायला जातो आणि झाड त्याला मुळीच झाकत नाही. त्याच अंकात त्याला चार-पाच पानं फुटलेली असतात. या तीन गोष्टींवरून झाडाचं माप निघतं. बुंधा तीन-चार इंचांहून जाड नको, उंची नटाच्या दीडपट, आठ-नऊ फूट, आणि फांदी हाताला लागेल न लागेल अशी. हौशी नेपथ्यकार प्रेमानं वडाचं खोड बनवतात, थर्माकोल आणि गोणपाट लावून, आणि मग लपायचा विनोद मरतो, कारण त्या झाडामागे अख्खं कुटुंब लपेल. पानं मध्यंतरात लावायची. छोट्या तारेच्या आकड्यांवर, आधी ठरलेल्या जागी. शेवटच्या रांगेतून मोजता यावीत अशी असू द्या, तळहाताएवढी. पंधरा पानं लावलीत की वसंत येतो. चार लावलीत तर काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तेच हवं आहे. १९६१ च्या पॅरिसच्या प्रयोगासाठी हे झाड शिल्पकार जाकोमेत्तीनं केलं होतं, यावरून त्या एका वस्तूची किंमत लक्षात यावी. १९७५ मध्ये बर्लिनला बेकेटनं स्वतः दिग्दर्शन केलं तेव्हा बसायच्या उंचवट्याऐवजी दगड ठेवला, एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला दगड. दोघांतलं अंतर नट जिथे जिथे अडतात तिथून मोजा. फार जवळ आलं की मधली रिकामी जागा उरत नाही, आणि रस्ता तीच आहे.

उजेडाचाही नियम बदलतो. वास्तववादी नाटकात संध्याकाळ दहा-बारा मिनिटांत उतरवा, कुणाला कळता कामा नये, आणि प्रत्येक दिव्याला खिडकी, बल्ब, ट्यूब असं मूळ द्या. 'गोदो'मध्ये रात्र एकदम पडते आणि चंद्र झपकन वर येतो. तिथे डिमर हळूहळू ओढणारा प्रकाशयोजनाकार नाटकावर उपकार करत नाही. काही सेकंदांत होऊ द्या, यंत्रासारखं दिसू द्या.

सगळंच अ‍ॅब्सर्ड उघडं-बोडकं नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. आयोनेस्कोचं 'द बाल्ड सोप्रानो' (१९५०) इंग्रजी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात घडतं, आणि लेखकाला तो दिवाणखाना अतोनात इंग्रजी हवाय. घड्याळ सतरा ठोके देतं आणि बाई म्हणते नऊ वाजले. हे काळ्या पडद्यापुढे केलंत तर सतरा ठोक्यांत काही विचित्र राहत नाही, कारण तिथे मुळातच काही खरं नव्हतं. इथे तुमच्या पहिल्या नाटकाचाच बॉक्स सेट हवा, तोही जास्त नीटनेटका. दोन्ही नाटकं एका मोसमात करणाऱ्या गटानं हा पर्याय जरूर धरावा. त्याच भिंती, फक्त डाग पुसलेले.

त्याच्याच 'द चेअर्स'मध्ये (१९५२; साठच्या दशकात रंगायन या संस्थेनं 'खुर्च्या' म्हणून मराठीत आणलं) दारंच दारं आहेत. न दिसणारे पाहुणे येत राहतात, म्हातारी खुर्च्या आणत राहते, आणि शेवटी म्हातारा-म्हातारी खुर्च्यांच्या गर्दीनं एकमेकांपासून तुटून दोन टोकांच्या खिडक्यांशी पोचतात. म्हणजे खुर्च्या हेच स्थळ आहे, आणि ते प्रेक्षकांसमोर बांधलं जातं. इथे चुकतं ते गणित. दीड फूट रुंदीची खुर्ची आणि मागेपुढे अडीच फूट अंतर धरलं तर तीस-चाळीस खुर्च्यांनी मधली जागा भरते. तितक्या खुर्च्या वीसेक मिनिटांत एका नटीनं आणायच्या तर प्रत्येक दारामागे दोन माणसं, खुर्च्यांची रांग लावलेली, आणि कुठली खुर्ची कुठल्या दारातून कुठे जाते याचा क्रमांकित नकाशा हवा. खुर्ची तीन किलोंच्या आत असेल तर बरं. म्हातारी दमली पाहिजे, नटी नव्हे. प्लास्टिकच्या खुर्च्या हलक्या असतात, पण लाल किंवा पांढऱ्या मोल्डेड खुर्च्या दिसल्या की आपल्या प्रेक्षकाला लग्नाचा मांडव दिसतो. जुन्या लाकडी घडीच्या, वेगवेगळ्या घरांतून गोळा केलेल्या घ्या. पायांना रबर लावू नका, खडखडाट हवाय.

पिंटरच्या 'द डम्ब वेटर'मध्ये तळघरातली खोली, दोन खाटा, आणि भिंतीतून सामान वर-खाली करणारी पेटी. खोली पूर्ण वास्तव, पेटीतून येणाऱ्या ऑर्डरी मात्र कुणाच्या ते कळत नाही. ही पेटी खरोखर आदळत खाली आली पाहिजे. दीड फूट चौरस तोंड, जमिनीपासून तीन फुटांवर. पेटी दोरीवर लोंबती ठेवली की ती झोके खाते आणि कडेला अडकते. दोन्ही बाजूंना खाचेच्या पट्ट्या द्या, पेटीच्या तळाला चार-पाच किलो वजन बांधा, वर कप्पी, आणि मागे माणूस. त्याला रंगमंचावरचं ऐकू येत नसेल तर इशाऱ्याला लाल-हिरवा छोटा बल्ब. आवाज पेटीचाच हवा, म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवा, फोम नको.

बेकेटचं 'हॅपी डेज' (न्यूयॉर्क, १९६१) निवडणार असाल तर एकच सांगतो. नायिका विनी पहिल्या अंकात ढिगाऱ्यात कमरेच्या थोडं वरपर्यंत पुरलेली, दुसऱ्यात मानेपर्यंत. म्हणजे मध्यंतरात ती पंधरा ते वीस इंच खाली गेली पाहिजे, नटीच्या धडाच्या मापानं. ढिगाऱ्याच्या आत खाली-वर करता येईल अशी बैठक बसवा, आणि पहिल्या अंकाचं मोठं भोक दुसऱ्यात झाकायला फोमचे दोन अर्धगोल तुकडे तयार ठेवा. पांढरा प्रखर उजेड सतत अंगावर असतो, त्यामुळे ढिगाऱ्याच्या मागे छोटा पंखा. छत्री पेटते, तो प्रकार आगीचा. नाट्यगृहाच्या परवानगीशिवाय खरी ज्योत लावू नका. धूर आणि आतला नारिंगी दिवा पुरतो.

मराठीतलं अ‍ॅब्सर्ड मात्र नेहमी 'कुठेच नसलेल्या' जागी घडत नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात, आणि स्मशान कुठलं यावर अडून बसतात. चाळ, शेजारी, तिरडी, सगळं ओळखीचं. इथे स्थळ भिंतींनी उभं राहत नाही, कीर्तनानं राहतं. कीर्तनकाराला उभं राहायला आणि मागे साथीला जशी जागा लागते तेवढी मोकळी सोडा. चाळीचा कठडा बांधायला गेलात तर तीच जागा खाल.

तेव्हा क्रम असा ठेवा. दोन्ही संहितांत स्थळ पात्राला जिथे जिथे अडवतं किंवा मोकळं करतं, त्या ओळींवर पेन्सिलीनं खुणा करा. वास्तववादी नाटकाच्या दाराला आणि भिंतीच्या डागांना पैसे आधी बाजूला काढा. अ‍ॅब्सर्ड नाटकातली जी एक वस्तू निवडाल, झाड, खुर्ची, डबा, पेटी, ती तालमीच्या पहिल्याच दिवशी खरी हजर करा, निदान त्याच मापाची. झाडाच्या जागी पंधरा दिवस माइकचा स्टँड ठेवून तालीम केली तर नट स्टँडशी वागायला शिकतात.